भाषेचा वर्ग : हक्क की अट?

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या एका अभ्यास-शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून आपण स्थलांतराबद्दल बोलतो आहोत. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका, बांधकामावरच्या बायका, घरकामासाठी आखाती देशांत जाणाऱ्या बायका. मी बोलणार आहे ती लग्न करून नवऱ्यामागे परदेशी गेलेल्या बाईबद्दल. आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल : त्या देशाची भाषा तिला कोण शिकवतं, कुठे शिकवतं आणि त्याचे पैसे कोण देतं?

विषय लहान वाटेल. पण एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर इथे वस्तीत काम करून मी काही वर्षं लंडनच्या पश्चिमेच्या एका उपनगरात, दक्षिण आशियाई स्त्रियांच्या सल्ला-केंद्रात काम केलं. तिथे कुणी मारहाणीची तक्रार घेऊन यायची, कुणी घरभाड्याचा कागद, कुणी मुलाच्या शाळेचं पत्र. प्रश्न कोणताही असो, पाच मिनिटांत बोलणं भाषेवर यायचं. म्हणून मी ब्रिटनचंच उदाहरण घेणार आहे. तिथे गेल्या पन्नास वर्षांत नवागतांच्या भाषा-वर्गांचं जे झालं, त्यात राज्यसंस्था स्थलांतरित बाईकडे कशी पाहते ते स्वच्छ दिसतं.

वर्ग सुरू कसे झाले

दुसऱ्या महायुद्धानंतर पंजाबातून, पाकिस्तानातून, सिल्हेटमधून पुरुष ब्रिटनच्या ओतशाळांत आणि कापडगिरण्यांत कामाला गेले. बायका बहुतेक मागाहून गेल्या. पुढे पूर्व आफ्रिकेतली भारतीय कुटुंबं आली. १९७२ साली युगांडातून हाकललेले सुमारे २८,००० लोक एकट्या ब्रिटनमध्ये आले. या बायका कारखान्यांत लागल्या, कँटीनमध्ये लागल्या, किंवा घरी शिवणाचं काम घेऊ लागल्या. १९७६ ते ७८ या काळात लंडनमध्ये ग्रनविक कंपनीचा जो संप झाला त्याच्या नेत्या जयाबेन देसाई याच लोंढ्यातून आलेल्या. इंग्रजी कमी येणारी बाई मुकी असते, या समजुतीला त्या संपाने चांगलंच उत्तर दिलं.

त्या काळात भाषा शिकवण्याचे मुख्यतः दोन मार्ग होते. एक, शेजारपाजारच्या इंग्रज बायका स्वयंसेविका म्हणून घरी येऊन शिकवत. बीबीसीने १९७७ साली 'पडोसी' नावाची मालिका दाखवली, तीही आशियाई बायकांना इंग्रजी शिकण्यासाठी उद्युक्त करायलाच. दुसरा मार्ग कारखान्यातल्या वर्गांचा. १९७४ साली साउथॉलमध्ये औद्योगिक भाषा प्रशिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं आणि शासनाच्या पैशाने ठिकठिकाणी अशी पथकं काम करू लागली. हा वर्ग कामाच्या जागी भरायचा.

या पथकांच्या कामातलं एक उदाहरण सांगते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कँटीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने वाढपाच्या कामाला लागल्या होत्या. त्या उद्धट आहेत, अशी तक्रार होती. प्रत्यक्षात त्या कुणाशी फारसं बोलतही नव्हत्या. जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाने तिथलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. मांसावर रस्सा हवा का, हे विचारताना इंग्रज बाई 'ग्रेव्ही' हा एकच शब्द चढत्या सुरात म्हणायची. आपल्या बायका तोच शब्द उतरत्या सुरात म्हणायच्या. आपल्या कानाला त्यात गैर काही नाही. इंग्रज कानाला मात्र ते 'हा घे रस्सा' असं ऐकू यायचं. ध्वनिफीत दोन्ही बाजूंना ऐकवली, चर्चा घडवली, तेव्हा बायकांना कळलं की लोक आपल्यावर का खेकसतात, आणि वरिष्ठांना कळलं की या उद्धट नाहीत.

यातला धडा असा, की भाषेची अडचण एकट्या नवागताची नसते, दोघांमधली असते. त्यामुळे शिकायचं दोघांनीही. हेच गम्पर्झ त्याआधी आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला येऊन गेले होते. मराठी, कानडी आणि उर्दू एका गावात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून एकमेकींना कशा वळण लावतात, याचा त्यांनी अभ्यास केला होता. तिथे कुणी कुणाची परीक्षा घेतली नव्हती.

१९८९ साली या औद्योगिक पथकांचं अनुदान थांबलं. मालकाने आणि वरिष्ठांनीही शिकायचं, हा विचार त्यांच्याबरोबर मागे पडला. राहिली ती एकटी बाई आणि तिचं न येणारं इंग्रजी.

मोफत वर्ग आणि त्याला लागलेली गळती

२००१ साली ब्रिटिश शासनाने प्रौढांच्या मूलभूत शिक्षणाची मोठी योजना आणली. तिच्यात इतर भाषकांसाठीचं इंग्रजी, म्हणजे 'ईसॉल', पहिल्यांदाच पूर्ण मानाने आलं. अभ्यासक्रम ठरला, शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं आणि ठरावीक पातळीपर्यंत वर्ग मोफत झाले. बायका मोठ्या संख्येने येऊ लागल्या. प्रतीक्षायाद्या लागल्या. मागणी वाढली म्हणजे वर्ग वाढवायचे, असं आपल्याला वाटेल. शासनाने फी लावली.

ऑगस्ट २००७पासून इंग्लंडमध्ये सरसकट मोफत शिक्षण बंद झालं. ज्यांना शासकीय भत्ता मिळतो किंवा ज्यांचं उत्पन्न कमी असल्याचा शासकीय पुरावा आहे, त्यांनाच माफी राहिली. कागदावर हे न्याय्य दिसतं : गरिबाला माफी, इतरांनी भरावं. पण गरीब कोण हे ठरवताना मोजलं जातं ते कुटुंब, आणि कुटुंबाचे कागद असतात नवऱ्याच्या ताब्यात. नवऱ्याचं उत्पन्न बरं असलं की बाई 'फी भरू शकणारी' ठरते. तिच्या हातात बसभाड्यालाही पैसे नसतात, हे कोणत्याच रकान्यात येत नाही. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नवऱ्याचं नाव असल्याचे परिणाम आपण इथे वर्षानुवर्षं पाहतो आहोत. तेच हे.

त्यानंतर २०१० साली आलेल्या सरकारने आणखी कात्री लावली. जे सक्रियपणे काम शोधत असल्याबद्दल भत्ता घेतात, त्यांनाच पूर्ण माफी, असं ठरलं. घरी लहान मुलं सांभाळणारी, आजारी सासूचं करणारी बाई 'काम शोधणारी' नव्हे, म्हणून ती बाहेर. बाईचं घरकाम हे काम नाही आणि घरकामामुळे बाहेरचं काम शोधता येत नाही हा तिचाच दोष, असे दोन जुने अन्याय एका नियमात बसवले गेले. शिक्षक, विद्यार्थिनी, संघटना आणि स्त्री-गट यांनी २०११ साली याविरुद्ध मोठं आंदोलन केलं. अखेर शासनाला थोडं मागे यावं लागलं. इतर भत्ता घेणाऱ्यांनाही, त्या काम शोधत असतील तर, माफी देण्याची मुभा कॉलेजांना मिळाली. हक्काचं मोफत शिक्षण मात्र परत आलं नाही. मुभा म्हणजे हक्क नव्हे, हे तुम्हांला मी सांगायला नको.

आकडा एकच देते. इंग्लंडमध्ये या वर्गांवरचा शासकीय खर्च २००९-१० साली सुमारे २० कोटी ३० लाख पौंड होता. २०१५-१६ साली तो ९ कोटी पौंडांवर आला. म्हणजे निम्म्याहून खाली.

खर्च कापला की आधी काय जातं? कागदावर वर्ग तसाच राहतो. आधी जातं पाळणाघर. मग जातो वस्तीतला, चालत जाण्याजोग्या अंतरावरचा वर्ग, आणि राहतो तो दोन बस बदलून जायचा मोठ्या कॉलेजातला. मग जातो फक्त बायकांचा वर्ग. मग सकाळी दहा ते बारा ही, मुलं शाळेत असतानाची वेळ जाते. 'वर्ग उपलब्ध आहे' हे वाक्य खरंच राहतं आणि बाई घरीच राहते. २०२० नंतर कितीतरी वर्ग संगणकावर आणि फोनवर गेले. ज्या घरात एकच चांगला फोन आहे, तिथे तो कुणाच्या खिशात असतो हे तुम्हांला माहीत आहे.

वर्ग आटले, अट वाढली

आता दुसरी बाजू पाहू. ज्या वर्षांत वर्ग आटत होते, त्याच वर्षांत भाषेची अट एकेक पायरीने वर चढत होती.

नोव्हेंबर २०१०पासून नवऱ्याकडे जाणाऱ्या पत्नीला आपल्याच देशात इंग्रजी बोलण्याची आणि ऐकण्याची परीक्षा द्यावी लागते, मगच व्हिसा. ही ए-१, म्हणजे सगळ्यांत खालची पातळी. मे २०१७पासून साधारण अडीच वर्षांनी व्हिसा वाढवताना ए-२. कायम वास्तव्यासाठी त्याहून वरची बी-१, आणि वर ब्रिटनमधल्या जीवनाविषयीची चोवीस प्रश्नांची संगणकावरची परीक्षा. मे २०२५मध्ये शासनाने जी श्वेतपत्रिका काढली तिच्यात ही पायरी आणखी वर नेण्याचे प्रस्ताव आले.

यातला एक बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबर २०१३पर्यंत कायम वास्तव्यासाठी एक पर्याय होता. ज्या बाईचं इंग्रजी कमी आहे तिने वर्गात जायचं आणि आपल्या पातळीवरून एक पायरी वर चढून दाखवायचं, तेवढं पुरे. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई आणि पदवीधर बाई, दोघींची मोजपट्टी आपापली. तो पर्याय रद्द झाला. तेव्हापासून सर्वांना एकच रेघ. बाई किती शिकली हे मोजायचं सोडून ती रेघेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच शासन पाहू लागलं. वर्गाची जागा परीक्षेने घेतली ती अशी.

विसंगती बघा. व्हिसावर आलेल्या पत्नीला शासकीय मदतीच्या वर्गात बसायचं तर सर्वसाधारण नियमाने, काही स्थानिक सवलती सोडल्या, तर तीन वर्षांचं वास्तव्य हवं. ए-२ मात्र अडीच वर्षांनी दाखवायची. म्हणजे परीक्षा आधी, शाळा नंतर! मधल्या काळात खाजगी क्लासची फी कोण भरणार? नवरा. आणि त्याने भरली नाही तर?

ही रेघ सगळ्यांना सारखी लागत नाही हेही लक्षात घ्या. अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन पत्नीला परीक्षाच नाही. इंग्रजी माध्यमातून पदवी घेतलेली असेल तर तेही चालतं. म्हणून पुण्याहून किंवा ठाण्याहून गेलेल्या आपल्या अनेक मुलींना ही परीक्षा जाणवतसुद्धा नाही. अडते ती जालंधरजवळच्या खेड्यातली, मीरपूरची, सिल्हेटची मुलगी. नियम बाईच्या नावाने लिहिलेला असतो, पण तो वर्ग, जात आणि वर्ण पाहून लागू होतो. दोन स्त्रियांनी हा नियम न्यायालयात नेला. नोव्हेंबर २०१५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केला नाही, पण ज्यांना शिकायची सोयच नाही त्यांना सूट देण्याची पद्धत फार कडक आहे, असं मत नोंदवलं.

आणि जानेवारी २०१६मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी जाहीर केलं की १ लाख ९० हजार मुस्लिम बायकांना इंग्रजी जेमतेम येतं किंवा येतच नाही, म्हणून दोन कोटी पौंड देऊ, आणि प्रगती दाखवली नाही तर राहता येईलच असं नाही. याच पंतप्रधानांच्या काळात वर्गांचा खर्च निम्म्याहून खाली आला होता. आधी वर्ग काढून घ्यायचा, मग 'या शिकत नाहीत' म्हणून बोट दाखवायचं, आणि बोट दाखवायचं तेही एका धर्माच्या बायकांकडे. हे राजकारण आपल्याला अनोळखी नाही.

घराच्या आतली सत्ता

हे सगळं धोरण घरात शिरतं तेव्हा काय होतं? सासरी नांदायला येणाऱ्या मुलीची परीक्षा घेणं आपल्याला नवं नाही. इथे सासू-सासऱ्यांच्या जोडीला राज्यसंस्था परीक्षक म्हणून बसते एवढंच.

पत्नीचा व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असतो. हा अवलंबनाचा काळ आधी एक वर्षाचा होता, २००३ साली दोन वर्षं झाला, २०१२ साली पाच वर्षं झाला. 'परीक्षेत नापास झालीस की परत पाठवीन' हे वाक्य मी किती बायकांच्या तोंडून ऐकलं याची गणती नाही. तोच नवरा तिला वर्गाला जाऊ देत नाही. भाषा शिकू द्यायची नाही आणि भाषा येत नाही म्हणून धमकवायचं. नियमानेच त्याच्या हातात काठी दिलेली असते.

दवाखान्यात बाईच्या वतीने बोलतो नवरा. ज्याने हात पिरगाळला तोच 'जिन्यावरून पडली' असं भाषांतर करतो. नवरा नसला तर आठ-दहा वर्षांचं पोर बोलतं. आईची पाळी, गर्भपात, मारहाण हे शब्द त्या पोराच्या तोंडात येतात. दोघांनाही ते आयुष्यभर पुरतं.

आणि गंमत म्हणू की क्रूरता म्हणू, कायद्यात तरतूद आहे. नवऱ्याच्या छळामुळे लग्न मोडलं तर बाईला स्वतंत्रपणे कायम वास्तव्य मागता येतं आणि त्या अर्जासाठी इंग्रजीची परीक्षा लागत नाही. ही तरतूद तिथल्या स्त्री-गटांनी, साउथॉल ब्लॅक सिस्टर्ससारख्या संघटनांनी झगडून मिळवली आहे. पण ती आहे हे बाईला कळणार कोणत्या भाषेत? आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणींना ते भाषेच्या वर्गातल्या मैत्रिणीकडून कळलेलं असायचं. वर्ग म्हणजे नुसती क्रियापदं नव्हेत. नवऱ्याशिवाय, सासूशिवाय जाण्याची ती आठवड्यातली एकमेव जागा असते. वर्ग बंद होतो तेव्हा ही जागा बंद होते.

सक्तीचं काय?

इथे एक अवघड प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाही. आमच्याच काही सहकारी म्हणत, 'अट आहे म्हणून तरी नवरा वर्गाला पाठवतो. अट गेली तर बाई चार भिंतींतच राहील.' यात तथ्य आहे. 'परीक्षेचं निमित्त झालं म्हणून घराबाहेर पडले' असं सांगणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. भाषा आली पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 'आमची भाषा, आमची संस्कृती' म्हणत बाईला घरात डांबणाऱ्यांच्या बाजूने आपण उभ्या राहू शकत नाही.

पण नीट पाहा. त्या बायकांना बाहेर काढलं ते वर्गाने, परीक्षेने नव्हे. परीक्षा हे निमित्त होतं कारण जवळ वर्ग होता, तिथे मूल ठेवायची सोय होती, शिकवायला बाई होती. हे तिन्ही काढून घेतलं की निमित्त उरत नाही, फक्त धमकी उरते. अट घालायला शासनाला पैसे पडत नाहीत, उलट परीक्षेची आणि अर्जाची फी मिळते. वर्ग चालवायला पैसे पडतात. म्हणून अट वाढते आणि वर्ग घटतो. माझं म्हणणं एवढंच आहे : जे शासन शिकण्याची सोय करत नाही, त्याला न शिकल्याबद्दल शिक्षा करण्याचा नैतिक अधिकार नाही.

वर्ग कसा असावा, याचीही उदाहरणं तिथे आहेत. लंडनमध्ये काही शिक्षक-गट पाउलो फ्रेरेच्या विचाराने वर्ग घेतात. धड्याची सुरुवात पुस्तकातल्या 'मिस्टर ब्राउन'ने होत नाही. घराला आलेली बुरशी, न लिहिलेली पावती, बंद होणारं वाचनालय यांतून शब्द निघतात, मग पत्र लिहिलं जातं आणि ते नगरपालिकेकडे जातं. नेल्लोरमध्ये १९९२च्या सुमारास साक्षरता वर्गातल्या धड्यावरून बायकांचं दारूबंदी आंदोलन पेटलं, ते आपल्याला ठाऊक आहेच. भाषा अशी शिकली की बाई बोलू लागते.

आपल्यासाठी

शेवटी आपल्याकडे वळते. लग्न करून परदेशी जाणाऱ्या मुली आपल्या केंद्रांत सल्ल्याला येतात. त्यांच्या पासपोर्टबद्दल, दागिन्यांबद्दल आपण विचारतो. त्याबरोबर हेही सांगू या : स्वतःचे कागद स्वतःकडे ठेव, व्हिसाच्या अटी स्वतः वाच किंवा वाचून घे, आणि तिथल्या स्त्री-संघटनेचा फोन नंबर पाठ कर.

दुसरं अधिक जवळचं आहे. पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर ओडिशा, छत्तीसगड, तेलंगणातून आलेल्या बायका आहेत. बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात जातात तेव्हा त्यांच्या वतीने कोण बोलतं? नवरा किंवा मुकादम. २०१६ साली आपल्या राज्य शासनाने रिक्षाच्या परवान्यासाठी मराठीची अट घातली. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. मराठी आली पाहिजे असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण ती प्रेमाने आणि मोफत शिकवणारे वर्ग किती आहेत? बांधकामावरच्या बाईसाठी, तिच्या सुट्टीच्या वेळी, तिच्या मुलांना सांभाळून घेतलेला एखादा तरी मराठीचा वर्ग आपल्यापैकी कुणाच्या वस्तीत आहे?

म्हणून चर्चेसाठी चार मुद्दे ठेवते. भाषेचा वर्ग ही सेवा आहे, बक्षीस नव्हे, म्हणून तो मोफत हवा. पाळणाघर हा वर्गाचाच भाग माना, वरखर्च नव्हे. बाईची पात्रता नवऱ्याच्या कागदावरून ठरवू नका. आणि दवाखाना, पोलीस चौकी आणि न्यायालय इथे घरच्या माणसाने दुभाष्या होऊ नये, तिथे प्रशिक्षित स्त्री दुभाषी हवी.

हे चार मुद्दे लंडनला लागू आहेत, तसेच हडपसरला आणि भिवंडीलाही. दुपारच्या गटचर्चेत आपण आपापल्या वस्तीतल्या परभाषक बायकांची यादी करायला बसू या. किती आहेत, कुठून आल्या, कोणत्या वेळी मोकळ्या असतात एवढं जरी लिहिलं, तरी पुढच्या महिन्यात एक वर्ग सुरू करता येईल.